स्टेअरिंगमधली स्प्रिंग तुटली तर? शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न आणि आजची वायरवाली गाडी

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेल्सच्या ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. स्टेअरिंगच्या टाय रॉडमधला एक भाग दोषी असल्याची शंका होती आणि तो क्वचित प्रसंगी तुटू शकतो, असं कंपनीने सांगितलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अल्टो के१० च्या २,५५५ गाड्यांचा नंबर लागला, यावेळी स्टेअरिंग गिअरबॉक्ससाठी. मालकांना चक्क सांगण्यात आलं की भाग बदलून होईपर्यंत गाडी चालवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत टेस्लाने ३,७६,२४१ गाड्यांचं रिकॉल जाहीर केलं. तिथे पॉवर स्टेअरिंगच्या सर्किट बोर्डवर जास्त व्होल्टेज येऊन, थांबलेली गाडी पुन्हा निघताना स्टेअरिंग एकदम जड होण्याची शक्यता होती.

अशी बातमी आली की मित्रांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास फिरतं: "आता म्हणे स्टेअरिंगची दांडीच काढून टाकणार, मग तर संपलंच!" दांडी काढण्याची बातमी खरी आहे. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये (डिलिव्हरी नोव्हेंबर २०२३ पासून) स्टेअरिंग व्हील आणि चाकं यांच्यात लोखंडाचा कुठलाही दुवा नाही. चीनच्या निओ ईटी९ मध्ये तेच. मर्सिडीजने २०२६ पासून ईक्यूएसमध्ये हे तंत्र देणार असल्याचं जाहीर केलंय. चीनमध्ये २०२२ पासून लागू झालेल्या स्टेअरिंगच्या राष्ट्रीय मानकात यांत्रिक जोडणीची जुनी सक्ती उरलेली नाही. या तंत्राला स्टीअर-बाय-वायर म्हणतात. तुम्ही व्हील फिरवता, सेन्सर तो कोन मोजतो, कॉम्प्युटर मोटरला हुकूम देतो आणि मोटर चाकं वळवते.

यावर दोन गट लगेच पडतात. एक म्हणतो, लोखंड ते लोखंड, वायरवर जीव कसा सोपवायचा? दुसरा म्हणतो, विमानं कधीपासून वायरवरच उडतात, तुम्ही मागे राहिलात. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे मी दुसऱ्या गटात असेन असं मित्रांना वाटतं. पण मला दोन्ही गटांचा प्रश्नच अर्धवट वाटतो. दोघंही "हे बिघडेल का?" यावर भांडतात. बिघडणार, हे धरूनच चला. बिघडल्यावर गाडीचं काय होईल आणि बिघडलंय हे ड्रायव्हरला वेळेत कळेल का, हे विचारायला हवं. मोटारगाडीच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्यांदा आला तो एका छोट्या स्प्रिंगमुळे. ती गोष्ट समजली की आजची बातमी वाचायला बरीच सोपी जाते.

स्टेअरिंगमध्ये स्प्रिंग आली कुठून?

कार्ल बेंझच्या १८८६ च्या पेटंट मोटारगाडीला तीनच चाकं होती. त्याचं एक कारण स्टेअरिंग हेच होतं. चार चाकांची गाडी नीट वळवण्याचा उपाय त्याला पटलेला नव्हता, म्हणून पुढे एकच चाक आणि ते फिरवायला एक दांडा. गंमत म्हणजे उपाय आधीपासून होता. म्युनिकचा बग्गी बनवणारा लांकेनश्पेर्गर याने १८१७ मध्ये तो काढला होता आणि रुडॉल्फ आकरमानने १८१८ मध्ये लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. अख्खा आस न फिरवता प्रत्येक पुढचं चाक आपापल्या खुंटीवर फिरवायचं आणि आतल्या बाजूचं चाक थोडं जास्त वळवायचं. बेंझ स्वतः १८९३ मध्ये या वाटेला आला. मग चारचाकी आली आणि दांड्याच्या जागी गोल व्हील आलं. १८९४ च्या पॅरिस-रूआं स्पर्धेत वाशेरोंने आपल्या पानार गाडीला गोल व्हील लावलं होतं, ते सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक.

दांड्याच्या स्टेअरिंगचा त्रास तुम्ही सायकलवर अनुभवला असेल. एका हाताने हँडल धरलंय आणि पुढचं चाक खड्ड्यात गेलं, तर हँडल हातातून निसटायला बघतं. त्या काळचे रस्ते बैलगाड्या आणि घोडागाड्यांसाठीचे. दगडावर चाक आदळलं की दांडा ड्रायव्हरच्या हाताला फटका द्यायचा. यावर इंजिनिअरांनी मध्ये गिअर बसवला, स्क्रूसारख्या आट्यांचा. ड्रायव्हर व्हील फिरवून चाकं वळवू शकतो, पण चाकं उलट व्हील फिरवू शकत नाहीत. हाताला फटका बसणं जवळपास थांबलं.

पण फटका गायब थोडाच होतो? हातापर्यंत जाता येईना, म्हणून तो मधल्या सांध्यांवर आणि गिअरच्या दातांवर बसू लागला. सॉफ्टवेअरमध्ये हे आम्ही रोज बघतो. एका ठिकाणची अडचण झाकली की ती दुसऱ्या, कमी दिसणाऱ्या ठिकाणी जाऊन बसते. त्या सांध्यांना वाचवायला आणि झिजेमुळे पडणारी ढिलाई आपोआप भरून काढायला आत स्प्रिंगा टाकल्या गेल्या.

बोटभर स्प्रिंग, आख्खी गाडी तिच्यावर

आता हा सांधा नीट बघूया. स्टेअरिंगच्या गिअरबॉक्समधून एक लोंबता आर्म बाहेर येतो. तो मागे-पुढे हलतो. त्याला एक पोकळ नळी जोडलेली असते, तिला ड्रॅग लिंक म्हणतात. नळीचं दुसरं टोक चाकाच्या आर्मला जोडलेलं. चाक वर-खाली उड्या मारतं आणि डावी-उजवीकडेही वळतं, त्यामुळे जोडणी सगळ्या दिशांनी फिरणारी हवी. आपल्या खांद्यासारखी, म्हणजे वाटीत गोळा.

नळीच्या बाजूला जुन्या कुलपाच्या चावीच्या भोकासारखी खाच असायची. एका टोकाला मोठं भोक, पुढे अरुंद फट. आर्मच्या टोकाचा गोळा मोठ्या भोकातून आत घालायचा आणि फटीकडे सरकवायचा. फट गोळ्यापेक्षा अरुंद, त्यामुळे तिथून तो बाहेर येऊ शकत नाही. मग गोळ्याच्या दोन्ही बाजूंना कडक पोलादाच्या दोन वाट्या, एका वाटीमागे स्प्रिंग आणि नळीच्या तोंडाला आट्यांचं बूच. बूच आवळलं की स्प्रिंग वाटीला गोळ्यावर दाबून धरते. गोळा झिजला तर स्प्रिंग थोडी पसरते आणि ढिलाई भरते. दगडावर चाक आदळलं तर ती थोडी दबते आणि धक्का गिळते. एका बोटभर वस्तूत दोन कामं. कल्पना खरंच सुंदर आहे.

आता विचार करा, ही स्प्रिंग तुटली तर? वाटीमागचा आधार गेला, वाटी मागे सरकली. गोळा मोकळा झाला. पुढच्या दोन-चार खड्ड्यांत तो अरुंद फटीतून मोठ्या भोकापर्यंत सरकला, तर तिथून सरळ बाहेर. ड्रायव्हर व्हील फिरवतोय, चाकं आपल्या मर्जीने चाललीत. ब्रेक त्या काळी बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांना. पुढे काय होईल ते सांगायला नको.

स्प्रिंगा तुटत का होत्या? पोलादाची तार एकदा वाकवली तर काही होत नाही. हजारो-लाखो वेळा दाबून सोडली की कुठेतरी केसाएवढी तडा जाते आणि ती हळूहळू आत सरकत जाते. याला फटीग म्हणतात. जर्मन इंजिनिअर ऑगस्ट व्योलरने १८५० आणि ६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे मोजून दाखवलं होतं. एकाच झटक्यात तोडायला जेवढा ताण लागतो त्याच्या कितीतरी खालच्या ताणालाही पोलाद तुटतं, जर तो ताण पुन्हापुन्हा आला तर. गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण वेटोळ्याच्या आतल्या बाजूला येतो, म्हणजे बाहेरून जिथे नजरही जात नाही तिथे. त्यात तारेवर ओरखडा असेल, गंजाचा खड्डा असेल, किंवा भट्टीत तापवताना वरच्या थरातला कार्बन जळून तो थर मऊ पडला असेल, तर तडा तिथूनच सुरू होते. गाडीखालचा हा सांधा चिखल आणि पाण्यात भिजलेला. गंजायला आणखी काय हवं?

एक मानवी कारणही होतं. बूच किती आवळायचं? पूर्ण आवळलं तर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, ती दबू शकत नाही, धक्का थेट जातो आणि सांधा आखडतो. ढिलं ठेवलं तर खडखड. म्हणून फिटरची रीत अशी झाली की बूच आधी घट्ट आवळायचं, मग थोडं उलटं फिरवायचं आणि आरपार कॉटर पिन घालून तिथेच अडकवायचं. पिन घालायला कोणी विसरला तर बूच आपोआप सुटत जाणार. आपल्याकडचे जुने ट्रक मेकॅनिक अजूनही हे न मोजता, हाताच्या अंदाजाने करतात.

उपाय दोन बाजूंनी आले. एक बाजू म्हणजे स्प्रिंगच चांगली बनवा. व्हॅनेडियमसारखे धातू मिसळलेलं पोलाद आलं. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये व्हॅनेडियम पोलादाचा मोठा गाजावाजा होता. पुढे स्प्रिंगवर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करून तिचा वरचा थर दाबून टाकायची युक्ती आली. दबलेल्या थरात तडा सहज उघडत नाही. जनरल मोटर्समधल्या जॉन आल्मेन यांनी हा मारा मोजायची पद्धत बसवली आणि आजही कारखान्यांत छऱ्यांचा मारा मोजायला आल्मेनच्याच नावाची पट्टी वापरतात. सांध्यावर चामड्याची पिशवी चढवून आत ग्रीस भरणं हेही याच बाजूचं.

दुसरी बाजू मला जास्त हुशार वाटते. स्प्रिंग तुटणार असं गृहीत धरा आणि सांधाच असा बनवा की तुटली तरी गोळा बाहेर पडू नये. वाटीमागे, स्प्रिंगच्या पोटात, एक भरीव पोलादी ठोकळा ठेवला. स्प्रिंग धडधाकट असेपर्यंत ठोकळा काहीच करत नाही, नुसता बसून असतो. स्प्रिंग तुटली की वाटी दोन-चार मिलिमीटर मागे जाऊन त्या ठोकळ्याला टेकते. मोठ्या भोकापर्यंतचं अंतर त्याहून जास्त, त्यामुळे गोळा तिथवर पोचूच शकत नाही. स्टेअरिंग ढिलं होतं, खडखडतं, पण गाडी तुमच्या हातात राहते.

त्यातला खडखडाट महत्त्वाचा. आत काहीतरी तुटलंय ही बातमी ड्रायव्हरच्या कानापर्यंत आणि तळहातापर्यंत आपोआप जाते. त्यासाठी सेन्सर नको, डॅशबोर्डवरचा दिवा नको. भार वाहायचं शेवटचं काम भरीव पोलादाकडे आणि स्प्रिंगकडे फक्त ढिलाई भरण्याचं आणि धक्का गिळण्याचं काम, अशी वाटणी केली म्हणून हे जमलं.

पाटा तुटला की गाडी स्वतःच वळते

स्टेअरिंगशी जोडलेली दुसरी स्प्रिंग म्हणजे पाटे. ट्रकच्या चाकाजवळ वाकून बघितलंत तर पोलादी पट्ट्यांची चळत दिसेल. सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांत पुढचा आख्खा आस या पाट्यांनीच धरलेला असे. म्हणजे पाटे वजन पेलणार, खड्डे गिळणार आणि आस जागच्या जागी ठेवणार, ही तिन्ही कामं त्यांचीच. सगळ्यात वरच्या मुख्य पाट्याची टोकं वळवून डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांतून पिन घालून तो चॅसिसला बांधलेला असतो. हा पाटा डोळ्याजवळ तुटला तर त्या बाजूचं चाक मागे सरकतं, आस तिरका होतो आणि व्हील सरळ धरलेलं असूनही गाडी एका बाजूला ओढली जाते. ड्रायव्हरने काहीच चूक केलेली नसते.

इथेही उत्तर त्याच धाटणीचं निघालं. दुसऱ्या पाट्याचं टोक लांबवून ते मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती सैलसर गुंडाळलं. एरवी त्याला काम नाही. मुख्य पाटा तुटला की दुसरा पाटा पिन धरून ठेवतो आणि गाडी गॅरेजपर्यंत पोचते. आजही भारतातल्या ट्रकांखाली हा गुंडाळलेला पाटा सर्रास दिसतो. पुढच्या वेळी ढाब्यावर थांबलात तर बघा.

फोर्डने मॉडेल टी मध्ये वेगळा रस्ता घेतला. पुढे एकच आडवा पाटा आणि आस पुढे-मागे सरकू नये म्हणून इंग्रजी व्ही आकाराचा स्वतंत्र दांडा. वजनाचं काम पाट्याकडे, जागा धरायचं काम दांड्याकडे. मग १९३४ मध्ये जनरल मोटर्सने मॉरिस ओली यांच्या कामावर आधारित, प्रत्येक पुढचं चाक स्वतंत्रपणे वर-खाली होणारं सस्पेन्शन आणलं आणि स्प्रिंग व स्टेअरिंग यांची ही जुनी गुंतागुंत मोटारींत बरीच सुटली. ट्रकमध्ये ती अजून आहे.

दोष कोणाचा?

इंजिनिअरांनी ठोकळे बसवले खरे, पण त्यांच्यामागे कोर्टाचा धाकही उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यात डोनाल्ड मॅकफर्सन नावाच्या माणसाच्या ब्यूक गाडीचं लाकडी आऱ्यांचं चाक चालत्या गाडीत मोडलं आणि तो बाहेर फेकला गेला. ब्यूक म्हणाली, चाक आम्ही बनवलेलंच नाही, ते दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलंय. शिवाय गाडी आम्ही डीलरला विकली, मॅकफर्सनशी आमचा करार कुठे आहे? १९१६ मध्ये न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांच्या कोर्टाने हे दोन्ही बचाव फेटाळले. वस्तू निष्काळजीपणे बनवली तर जीव धोक्यात येणार हे दिसत असेल, तर बनवणाऱ्याची जबाबदारी शेवटच्या वापरणाऱ्यापर्यंत जाते. साधी तपासणी केली असती तरी खराब लाकूड सापडलं असतं.

हे आज का आठवायचं? कारण आजच्या गाडीतला सेन्सर एका कंपनीचा, चिप दुसरीची, मोटर तिसरीची आणि सॉफ्टवेअरचे तुकडे पाच ठिकाणचे. "तो भाग आमचा नाही" हे वाक्य पुन्हा ऐकू येणार, हे मला स्पष्ट दिसतंय.

मग वायरवाल्या स्टेअरिंगमध्ये ठोकळा कुठे आहे?

आधी एक गैरसमज दूर करूया. तुमच्या-माझ्या घरातल्या साध्या गाडीचं इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग म्हणजे स्टीअर-बाय-वायर नव्हे. तिथे लोखंडी दुवा शाबूत असतो, मोटर फक्त मदत करते. मोटर बंद पडली की व्हील जड होतं, विशेषतः कमी वेगात, पण चाकं वळतात. टेस्लाचं २०२५ चं रिकॉल याच प्रकारातलं होतं. इथे ठोकळा म्हणजे तो जुना लोखंडी दांडाच.

दांडा काढला की ठोकळा दुसरीकडे शोधावा लागतो आणि इथे कंपन्यांचे दोन रस्ते झाले. निसानच्या इन्फिनिटी क्यू५० ने २०१३ मध्ये वायरवालं स्टेअरिंग आणलं, पण लोखंडी दांडाही ठेवला. मध्ये एक क्लच. एरवी तो सुटलेला असतो, इलेक्ट्रॉनिक्स गेलं की तो जोडला जाणार. अगदी १९१० च्या ठोकळ्याची बुद्धी. आणि तरीही त्याच वर्षी कंपनीला २३ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कडक थंडीत इंजिन थंड असताना इलेक्ट्रॉनिक स्टेअरिंग बंद पडू शकत होतं आणि नेमका तेव्हाच क्लचही न जोडला जाण्याची शक्यता होती. आकडा फक्त २३, पण माझ्या मते स्टीअर-बाय-वायरबद्दल शिकण्यासारखं सगळ्यात जास्त या २३ गाड्यांत आहे. मुख्य यंत्रणा आणि तिचा बॅकअप यांना एकाच कारणाने एकत्र पाडता येत असेल, तर बॅकअप फक्त कागदावर असतो. पोलादी ठोकळ्याला स्प्रिंगच्या फटीगशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून तो कामाचा होता.

दुसरा रस्ता सायबरट्रकचा. दांडा नाहीच. त्याऐवजी पुढची चाकं वळवायला दोन मोटर्स, एक गेली तर दुसरी. फायदेही खरे आहेत, उगाच नाकारू नयेत. कमी वेगात थोडंसं व्हील फिरवलं की चाकं जास्त वळतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पूर्ण फेराही लागत नाही. अपघातात ड्रायव्हरच्या छातीकडे येणारा लोखंडी दांडाही नाही.

पण दोन मोटर्स म्हणजे दुप्पट सुरक्षा, हे गणित मला सरळ मान्य नाही. दोन स्प्रिंगा एकाच भट्टीतून, एकाच खराब तारेपासून आल्या असतील तर दोन्ही जवळपास एकाच वेळी तुटतील. सॉफ्टवेअरचं तर याहून वाईट. एकाच कोडच्या दोन प्रती दोन चिप्सवर चालत असतील तर बग दोन्हीकडे सारखाच असतो आणि एकाच क्षणी उठतो. विमानवाल्यांना हे आधीच माहीत होतं. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३२० मध्ये विमान वळवणारे कॉम्प्युटर दोन वेगळ्या प्रकारचे आहेत, वेगळ्या कंपन्यांनी बनवलेले, आत वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर. त्यामुळे "विमानं वायरवर उडतात" हे म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही म्हणावं: ती एकाच वायरवर, एकाच कोडवर उडत नाहीत.

गाड्यांसाठीही आयएसओ २६२६२ नावाचं मानक आहे आणि स्टेअरिंगसारख्या कामांना त्यातली सगळ्यात कडक पायरी, म्हणजे "डी", सहसा लावली जाते. म्हणजे कंपन्या हे गांभीर्याने घेतात, यात वाद नाही. माझी काळजी दुसरी आहे, खडखडाटाची. दोन मोटर्सपैकी एक दमायला लागली तर सॉफ्टवेअर दुसरीकडून जास्त काम घेतं आणि व्हील पूर्वीइतकंच मऊ लागतं. ड्रायव्हरच्या हाताला काहीच कळत नाही, कारण हाताला जाणवणारा जोरही एक मोटरच तयार करून देते. आमच्या सर्व्हरवरही हेच होतं. एक मशीन पडतं, बाकीची सांभाळतात, ग्राहकाला पत्ता लागत नाही आणि आम्ही खूश असतो. दुसरं पडतं तेव्हा रात्री तीनला फोन वाजतो. सर्व्हरला ते चालतं. ताशी ८० किलोमीटरने घाट उतरणाऱ्या गाडीला चालत नाही. म्हणून बॅकअपवर गेलेल्या स्टेअरिंगने मुद्दाम वाईट वागावं, असं माझं ठाम मत आहे. व्हील जड व्हावं, वेग आपोआप मर्यादित व्हावा, दिवा आणि आवाज तर हवाच.

याला जोडून जुन्या गाडीच्या बाजाराचा प्रश्न येतो. टेस्लाच्या त्या रिकॉलचा इलाज ओव्हर-द-एअर अपडेटने झाला, गाडी गॅरेजला न नेता, फोन अपडेट होतो तसा. सोय मोठी आहे. पण पाच वर्षांनी ती गाडी तिसऱ्या मालकाकडे गेल्यावर कोणतं व्हर्जन चालू आहे, स्टेअरिंगने आजवर किती वेळा एरर नोंदवले, हे त्याला कसं दिसणार? पाटा तुटलेला वाकून दिसतो. एरर लॉग कंपनीच्या स्कॅनरशिवाय दिसत नाही. वायरवाली गाडी भारतात मोठ्या संख्येने यायच्या आधी, हा लॉग मालकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकला वाचता यायलाच हवा, अशी अट नियमात घालून घ्यायला हवी. नंतर घालणं फार अवघड जातं.

आज तुमच्या हातात काय आहे?

तुमच्या गाडीत वायरवालं स्टेअरिंग नाही, पण तो वाटी-गोळ्याचा सांधा नक्की आहे. टाय रॉडच्या टोकाला. आजही त्यातल्या अनेकांच्या आत गोळ्याखाली एक छोटी स्प्रिंग किंवा स्प्रिंगसारखी चकती असते, तीच झीज भरून काढायला. चामड्याच्या पिशवीची जागा काळ्या रबरी बुटाने घेतलीय. तो फाटला की आत पाणी आणि धूळ जाते, ग्रीस बाहेर येतं आणि सांध्याचे दिवस भरतात. सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की मेकॅनिकला बूट दाखवायला सांगा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

जुनी गाडी घ्यायला जात असाल तर आणखी एक करा. गाडी सपाट जागी उभी, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू. मित्राला व्हील थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बाहेर, पुढच्या चाकाजवळ उभे राहून ऐका. टक-टक येत असेल, किंवा व्हील हलूनही चाक जागचं हलत नसेल, तर आधी सांधे तपासून घ्या आणि मग भावाचं बोला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र डोकं घालू नका.

रिकॉलचं बघायला कंपनीच्या वेबसाइटवर आपला चॅसिस नंबर टाकावा लागतो. तो आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने कलम ११०-अ आलं, त्यामुळे धोकादायक दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं, आणि अशा दोषी भागाची दुरुस्ती मालकाच्या खिशातून होत नाही. अडचण एवढीच की कंपनीचा फोन आणि पत्र नोंदीतल्या मालकाला जातं. सेकंड हँड गाडी घेतली असेल आणि कंपनीकडे अजून जुन्या मालकाचाच नंबर असेल, तर तो फोन तुम्हाला कधीच येणार नाही. सर्व्हिस सेंटरला जाऊन नंबर बदलून घ्या.